चाला म्हणता, पण कुठे?

साठी ओलांडलेल्या माणसाला कोणत्याही दवाखान्यात घेऊन जा. साखरेसाठी न्या, रक्तदाबासाठी न्या नाहीतर गुडघ्यासाठी. गोळ्या लिहून झाल्या की डॉक्टर शेवटची ओळ लिहितात : रोज अर्धा तास चालणे. या ओळीला पैसे पडत नाहीत, म्हणून घरातले सगळे माना डोलावतात. घरी आल्यावर गोळ्यांचा डबा भरला जातो, सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरतात आणि चालण्याची ओळ कागदावरच राहते. मग आपण म्हणतो, अम्मी ऐकतच नाहीत, आळस करतात. एकदा त्यांनाच विचारून पाहावं. बहुतेक घरांत उलट सवाल येईल : चाला म्हणता, पण कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की ६५ वर्षांवरच्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. शिवाय तोल सांभाळण्याचे आणि ताकद टिकवण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. १५० मिनिटं म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. ऐकायला काहीच नाही. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि नातवंडांची दप्तरं यांच्यामधून वीस मिनिटं चालून दाखवा. दहाव्या फेरीला घेरी येते.

आमच्यासारख्या दाट वस्तीत या बाबतीत बुजुर्ग पुरुष आणि बुजुर्ग स्त्रिया यांच्यात मोठा फरक पडतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुरुषाला मशीद आहे. फज्रला उठून जिना उतरायचा, गल्लीच्या टोकापर्यंत चालायचं, जमातीत उभं राहायचं, रुकू आणि सजद्यात शरीर वाकवायचं, आणि नमाजनंतर सहनात किंवा बाहेरच्या ओट्यावर चार माणसांत बसायचं. कोण आजारी आहे, कुणाचा निकाह ठरला, कांदा काय भावाने गेला, सगळं तिथे कळतं. गुडघे गेले तर खुर्चीवर नमाज होते, पण जाणं सुटत नाही. इबादतीचं मोल अल्लाह जाणतो. पण शरीराच्या हिशेबानेही या माणसाचा दिवस पाच वेळा हलतो, आणि त्याला बाहेर पडायला कारण शोधावं लागत नाही.

त्याच घरातल्या स्त्रीची बाहेर पडण्याची कारणं मात्र एकेक करून संपत जातात. गावाकडे विहीर होती, गोठा होता, दळण होतं. शहरात नळ आला, पिठाच्या गिरणीत मुलगा जाऊ लागला, भाजी दारात आली. नातवंडं लहान होती तोवर त्यांना मदरशात आणि शाळेत सोडायला जाणं होतं. ती मोठी झाली आणि तेही संपलं. आता वर्षाकाठी मोजून तीन निमित्तं उरतात : दवाखाना, लग्न आणि मय्यत. म्हणून मोकळ्या जागेचा प्रश्न निघतो तेव्हा मला आधी बुजुर्ग बाई दिसते. मशिदीकडे जाणारी वाट जे काम तिच्या शौहरसाठी करते, ते काम तिच्यासाठी करणारी एकही जागा मोहल्ल्यात नसते.

घरात बसून राहण्याचे परिणाम हळूहळू दिसतात, म्हणून ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकले जातात. पायाचे आणि मांडीचे स्नायू वापरले नाहीत तर झिजतात. स्नायू झिजले की तोल जातो आणि माणूस पडतो. एकदा पडलेला माणूस भीतीने आणखी कमी चालतो, आणि कमी चालल्यामुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. खुब्याचं हाड मोडलं तर या वयात कित्येक जण पुन्हा पहिल्यासारखे चालू शकत नाहीत. मधुमेहाचंही तसंच आहे. जेवणानंतर थोडं चाललं तर चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात. जेवून लगेच आडवं झाल्यावर ती तशीच चढलेली राहते.

उन्हाची गोष्ट तर फार थोड्यांना माहीत असते. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व आपली त्वचा सूर्यप्रकाशात तयार करते, पण त्यासाठी लागणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. दादीची खुर्ची उन्हाच्या खिडकीशी ठेवली आणि काच बंद असली, तर ऊब मिळेल, जीवनसत्त्व मिळणार नाही. हे किरण अगदी सकाळी आणि संध्याकाळी फारच कमी असतात. साधारण दहा ते तीनच्या दरम्यान ते चांगले मिळतात. वय वाढलं की त्वचेची ही क्षमताही कमी होते, आणि अंग झाकलेलं असलं तर फक्त चेहरा आणि हातच उन्हात येतात. म्हणजे अशा स्त्रीला थोडं जास्तच ऊन हवं. आता आपल्या शहरातल्या पालिकेच्या बागांच्या वेळा आठवा. कितीतरी बागा सकाळी दहा-अकराच्या सुमाराला बंद होतात आणि चार वाजता उघडतात. मे महिन्यात भर दुपारी कुणी बागेत जावं असं मी म्हणणार नाही. पण डिसेंबर-जानेवारीत, सकाळची कामं उरकून बाईला तासभर मोकळीक मिळते तेव्हाच, फाटकाला कुलूप असतं.

चारशे मीटरची वाट

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, ७३ वर्षांच्या आहेत. सासऱ्यांच्या इंतकालनंतर त्या साताऱ्याकडच्या गावातून पुण्यात आमच्याकडे राहायला आल्या. गावात त्या दिवसभर पायांवर असायच्या. इथे दीड वर्षात त्यांचं फिरणं पलंग, स्वयंपाकघर आणि गॅलरी एवढ्यावर आलं. बाग आमच्या इमारतीपासून चारशे मीटरवर आहे. एका रविवारी मी त्यांना घेऊन निघाले आणि पर्समध्ये शाळेतली फूटपट्टी टाकली. शिक्षकाची सवय, मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

पहिली अडचण फाटकाबाहेरच होती. पदपथाची कड रस्त्यापासून २३ सेंटिमीटर उंच. तरुण माणूस ती बघतही नाही. अम्मींना माझा खांदा, विजेचा खांब आणि एक ‘बिस्मिल्लाह’ एवढं लागलं. चढून दहा पावलं गेलो तर पुढे विजेची डीपी. ती ओलांडायला खाली उतरा, मग पुन्हा चढा. पुढे तीन मोटारसायकली उभ्या. त्यानंतर अम्मींनी पदपथाचा नाद सोडला आणि त्या सरळ रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. पदपथ असताना म्हातारी माणसं रस्त्यावरून का चालतात, असं गाडीवाल्यांना वाटतं. २३ सेंटिमीटरची कड आठ वेळा चढून-उतरून पाहावी, म्हणजे कळेल.

बागेच्या दाराशी दुचाक्या आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी पाइपांचा नागमोडी अडथळा केलेला होता. काठी टेकत चालणाऱ्या माणसाला त्यातून वळताना तोल सांभाळावा लागतो, आणि चाकाची खुर्ची तर आत जाऊच शकत नाही. आत गेल्यावर बाकडं दिसलं. सिमेंटचं, पाठीला टेका नाही, हाताला आधार नाही, आणि उंची जेमतेम फूटभर. अम्मींनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बसते बेटा, पण उठवायला क्रेन सांगून ठेव.” आम्ही दोघी हसलो, आणि अम्मी उभ्याच राहिल्या. बुजुर्ग माणसाला बसणं सोपं असतं, उठणं अवघड. त्यासाठी आसन साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवं, आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, म्हणजे त्यावर जोर देऊन उठता येतं. असं बाकडं करायला खर्चही फारसा वाढत नाही.

स्वच्छतागृह होतं, पण बंद. चावी माळीदादांकडे, आणि ते जेवायला गेलेले. ही गोष्ट आपण लाजेने टाळतो, पण ती स्पष्ट बोलायला हवी. रक्तदाबासाठी कितीतरी जणींना पाण्याची गोळी असते, म्हणजे लघवी वाढवणारी. बाळंतपणं झालेल्या स्त्रियांना या वयात लघवी फार वेळ रोखता येत नाही. बाहेर जायचं म्हटलं की त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि काही जणी तर गोळीच चुकवतात. अम्मींनी त्या दिवशी दोन्ही केलं होतं. मला ते घरी परतल्यावर कळलं. उन्हाळ्यात असं करणं धोक्याचं आहे. स्वच्छतागृह उघडं असणं, त्यात पाण्याचा नळ आणि तोटी असणं, आणि निदान एक तरी उंच भांडं असणं, यावर बाईची बाग ठरते. झाडं, कारंजी आणि रंगीत दिवे त्यानंतर.

चारशे मीटर जायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली पाच मिनिटं अम्मी एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. दुकानदाराने न सांगता आतून स्टूल आणून दिलं. त्या वाटेवरची बसायची जागा ती एवढीच.

नियम आहेत, फूटपट्टी नाही

हे सगळं कुणाला माहीत नाही असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथाची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, आणि चालायला किमान १.८ मीटर रुंद अशी अडथळा नसलेली पट्टी मिळावी. उताराचं प्रमाण १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात असं सांगतो, आणि गुडघ्याने अडलेल्या माणसाला त्याच उताराचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वयस्करांना सोयीची शहरं कशी असावीत याची मार्गदर्शिका काढली. त्यासाठी ३३ शहरांतल्या वृद्धांचं म्हणणं ऐकलं गेलं. त्यांत आपली दिल्ली आणि उदयपूरही होतं. त्या मार्गदर्शिकेतला पहिलाच विषय मोकळ्या जागांचा आहे, आणि वृद्धांनी त्यात मागितलेल्या गोष्टी साध्या आहेत : बसायला जागा, स्वच्छतागृह, सपाट पदपथ, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ.

या शेवटच्या मागणीचा हिशेब मी सातवीच्या वर्गात घातला होता. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. १२ मीटरचा रस्ता दहा सेकंदांत. अम्मींचा वेग याच्या निम्मा, म्हणजे त्यांना वीस सेकंद हवीत. हिरवा माणूस विझेल तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध असतील. मुलांना उत्तर लगेच आलं, आणि एका मुलीने विचारलं, “मग मॅडम, दादींनी काय करायचं?” सिंगापूरमध्ये यावर उपाय काढला आहे. २००९ पासून तिथे काही चौकांत ज्येष्ठ नागरिक आपलं सवलतीचं कार्ड खांबावरच्या यंत्राला लावतात आणि त्यांच्यासाठी हिरवा दिवा काही सेकंद जास्त चालू राहतो.

फार लांब जायचीही गरज नाही. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, झाडांखाली बसायच्या जागा झाल्या, आणि तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बसलेले दिसतात. म्हणजे हे काम आपल्या महापालिकेला जमतं. प्रश्न एवढाच, की ते कोणत्या रस्त्यांवर होतं आणि कोणत्या वस्त्यांपर्यंत येत नाही. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शनात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. मुंबईत ती माणशी दोन चौरस मीटरही भरत नाही. एक बाज टाकली की संपली. दाट मोहल्ल्यांत तर तेवढीही नसते. आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जवळजवळ दर दहा माणसांत एक जण साठीच्या पुढचा होता. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेलं आहे.

नव्या बागांत एक फॅशन आली आहे, तिच्याबद्दल सावध करते. गोल गोट्यांचा ‘ॲक्युप्रेशर ट्रॅक’ करतात आणि त्यावर अनवाणी चालायला सांगतात. ज्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, त्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते. गोटा टोचला, कातडी फाटली, तरी कळत नाही, आणि त्या जखमा चिघळतात. अशा माणसाने अनवाणी मुळीच चालू नये. त्या गोट्यांच्या पैशात हाताचे आधार असलेली चार बाकडी झाली असती.

स्त्रियांची जागा

दिल्लीत दर्यागंजला पर्दा बाग नावाची फक्त स्त्रियांसाठी राखलेली बाग आहे. ही कल्पना आपल्याकडच्या बैठकांत निघाली की दोन तट पडतात. मला स्वतःला वेगळी बाग मागण्यात फारसा अर्थ वाटत नाही. एक बाग मिळायला जिथे वीस वर्षं लागतात तिथे दुसरी कधी मिळणार? पण आहे त्या बागेचा एक कोपरा, झाडांच्या आडोशाचा, किंवा दुपारचे दोन तास स्त्रियांसाठी ठेवणं अवघड नाही. आमच्या वयाच्या बायकांना हे कदाचित लागणार नाही. अम्मींच्या पिढीला लागतं. अनोळखी पुरुषांच्या समोर हात वर-खाली करून व्यायाम करायला त्या कधीच तयार होणार नाहीत, आणि त्यांना त्यासाठी बदलायला सांगणं मला पटत नाही.

गिरगाव चौपाटीवरच्या नाना-नानी पार्कसारख्या ज्येष्ठांसाठीच्या बागा चांगल्या आहेत, आणि त्या नावाच्या बागा आता गावोगावी निघाल्या आहेत. पण अम्मींना नुसत्या म्हाताऱ्यांत बसायला आवडत नाही. पोरं खेळताना दिसली पाहिजेत, कुणाची तरी सून तान्हं बाळ घेऊन आली पाहिजे. औरंगाबादच्या पाणचक्कीत ज्यांनी एखादी दुपार घालवली असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. हौद, वरून पडणारं पाणी, मोठ्या झाडाची सावली, आणि त्या सावलीत सगळ्या वयाची माणसं. आपल्या दर्ग्यांच्या अंगणांतही बुजुर्ग स्त्रिया तासन् तास बसतात, त्याचं एक कारण हेही आहे की तिथे कुणी त्यांना उठवत नाही.

आपल्या हातातलं काही बोलायचं तर सुरुवात आपल्याच गल्लीपासून व्हावी. जुम्माच्या दिवशी पदपथावर गाड्या आपणच लावतो. दुकानाचा माल बाहेर आपणच मांडतो. घराचा ओटा, जिथे पूर्वी दादी-नानी तसबीह घेऊन बसायच्या, तो फोडून तिथे दुचाकीसाठी उतार आपणच केला. पालिकेला पत्र लिहिण्याआधी मोहल्ल्यातल्या तरुणांनी एक पट्टी, नुसती माणूस चालेल एवढी, मोकळी ठेवायची ठरवली तरी खूप होईल. इमामसाहेबांनी एकदा सांगितलं तर लोक ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे शाळांची मैदानं. संध्याकाळी आणि रविवारी ती कुलुपात असतात. आमच्या शाळेच्या संचालकांनी असर ते मगरिब एक फाटक उघडं ठेवायला होकार दिला. अट एकच, शिपाईमामांच्या जास्तीच्या वेळेचे पैसे वस्तीने द्यावेत. सतरा घरांनी महिन्याला थोडे थोडे द्यायचं कबूल केलं. शाळेच्या प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीपाशी मांडतो. हात असलेल्या खुर्च्या आहेत, म्हणून उठायला सोप्या. पहिल्या आठवड्यात तिघी आल्या, आता अकरा जणी येतात. त्यांच्यातल्या निम्म्या चालतात आणि निम्म्या चालणाऱ्यांना नावं ठेवतात. अम्मी मैदानाला चार फेऱ्या मारतात. डॉक्टरांनी मागच्या वेळी साखरेचा कागद बघून एक गोळी अर्धी केली.

तिसरं, पुणेकर वाचकांसाठी. महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. आपल्या भागातलं छोटं काम सुचवणारा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. कामाचा खर्च पाच लाखांपर्यंतचा असावा लागतो. पदपथाची कड उतरवणं, बाकडी, स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही कामं यात सहज बसतात. अर्ज साधारण पावसाळ्याच्या अखेरीला मागवतात. वर्तमानपत्रावर लक्ष ठेवावं लागतं. इतर शहरांतल्या वाचकांनी हाच अर्ज वॉर्ड ऑफिसला किंवा नगरसेवकांना द्यावा. ‘परिसर सुधारावा’ असं लिहू नका. ते वाचून कुणी काहीच करत नाही. जागा कोणती, दुकान कोणतं, खांब कितवा, उंची किती, बाकडं कुठल्या झाडाखाली हवं, हे लिहा आणि फोटो जोडा. आमच्या अर्जात २३ सेंटिमीटर हा आकडा होता, आणि खाली एकतीस सह्या. त्यांत नऊ अंगठे होते. ते लावायला अम्मी आणि त्यांच्या मैत्रिणी मैदानातल्या खुर्च्यांवर शाईचं पॅड फिरवत बसल्या होत्या. कड दोन ठिकाणी उतरवून झाली आहे. डीपी अजून तिथेच आहे, आणि बाकड्याचं काम पुढच्या वर्षाच्या यादीत गेलं आहे असं क्षेत्रीय कार्यालयात सांगितलं. पावतीचा क्रमांक अम्मींनी कुर्‍आनशरीफच्या रेहालशेजारी, चष्म्याच्या डबीत जपून ठेवला आहे.